टिंब राहिलेला शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. वर लाकडी मूठ, खाली बोटभर रबर आणि त्या रबरावर कोरलेला एकच शब्द. मला डोळे नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या अंगावरचा तो एकुलता एक शब्द आहे 'पाहिले'.

सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या डाव्या खणात असतो. शेजारी वाळून कडक झालेली शाईची गादी आहे, टाचण्यांची डबी आहे आणि एक पितळी पाणसळ आहे. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली काचेची नळी बसवलेली पट्टी. नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की काम समपातळीत आहे असे समजायचे. आम्हा दोघांना आता कुणी हात लावत नाही. पण रोज सकाळी पावणेदहाला खिडकीबाहेरून मला एक आवाज ऐकू येतो. टक्, सर्र. टक्, सर्र. एक पाय टेकतो आणि दुसरा त्याच्यामागून ओढला जातो. हा आवाज पाणसळीला येत नाही, खुर्चीवरच्या नव्या साहेबांनाही येत नाही. तो पाय ज्यांचा होता ते आता नाहीत, हे मला चांगले माहीत आहे. तरी आवाज येतो, जवळ जवळ येतो आणि एका 'टक्'पाशी थांबतो. त्याच्या पुढचा 'सर्र' येत नाही.

तो का येत नाही, ते सांगायचे आहे. माझ्याशिवाय आता ते सांगणारे फारसे कुणी उरलेले नाही.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. शिक्के करणारे आजोबा पाठीला बाक काढून बसत आणि अक्षरे उलटी कोरत. 'पा'चा काना, 'हि'ची वेलांटी, 'ले'वरची मात्रा, सगळे उलटे. मला घ्यायला मोठ्या कार्यालयातला कारकून आला तेव्हा आजोबांनी मला त्याच्या हातात लगेच दिले नाही.

"शब्द लहान आहे, पण डोळ्यांचा आहे," ते म्हणाले. "रबराच्या तोंडी शोभत नाही. जरा जपून वापरा."

"आजोबा, दिवसाला दोनशे कागद येतात आमच्याकडे," कारकून म्हणाला. "एवढे डोळे कुठून आणायचे? म्हणून तर शिक्का."

आजोबा हसले. मला मात्र ते वाक्य आतपर्यंत लागले आणि अजून तिथेच आहे.

मोठ्या कार्यालयात मी सतरा वर्षे काढली. चार मजल्यांची इमारत, तिसऱ्या मजल्यावर बांधकामाचा विभाग. दोन-दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावांतून तिथे कागद येत. कुठे रस्ता झाला, कुठे शाळेची खोली उभी राहिली, कुठे विहिरीला कठडा बांधला. साहेब मान वर न करता पान उलटत आणि मी उमटत असे. रस्ता असो, खोली असो, कठडा असो, मी आपला 'पाहिले'. व्याकरणही जुळत नसे, पण शिक्क्याला कोण विचारतो? लोक म्हणत, काय सुबक उमटतो हा. एक रेष इकडची तिकडे नाही. मलाही बरे वाटायचे, खोटे कशाला सांगू.

पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला की ती सगळी यायची. मी ज्यांना पाहिले म्हटले होते ती. दार नसलेली एक शाळेची खोली यायची आणि टेबलाच्या कडेला उभी राहायची. एक रस्ता यायचा, जो मध्येच तुटून थोड्या अंतरावर पुन्हा सुरू व्हायचा. ती रागावत नसत. फक्त विचारत, "आमचा रंग कोणता आहे, सांग ना. तू तर पाहिलंस." सुट्टी संपेपर्यंत ती थांबत, मग पंख्याच्या वाऱ्याने कागद हलावेत तशी हलून निघून जात.

मग एक हुकूम आला. लहान गावांची कामे लहान गावांतच ठरावीत, तिथल्याच लोकांनी ती करून घ्यावीत आणि तिथल्याच अभियंत्याने पाहावीत. विभागात दोन दिवस हाच विषय होता.

"आता बघा गंमत," एक कारकून म्हणाला. "ज्यांना गटारावर झाकण बसवता येत नाही ते पूल बांधणार."

"आपण तरी कुठे बसवली झाकणं?" दुसरा म्हणाला.

जुन्या फायलींबरोबर पत्र्याच्या पेटीत घालून मलाही पाठवून दिले. तिथे नवा शिक्का करून घ्यायला वेळ नव्हता म्हणे.

ते गावचे कार्यालय म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, मागच्या खोलीत कपाटे आणि हात धुवायचे एक पांढरे भांडे. खिडकी नाल्यावर उघडायची. नाल्याच्या पलीकडे वस्ती होती आणि मध्ये काहीच नव्हते. पलीकडच्या माणसाला इकडे यायचे तर वरच्या अंगाला पाऊण तास चालत जाऊन वळसा घालून यावे लागे.

शिपाईमामा तसेच यायचे. त्यांचा उजवा पाय लहानपणापासून अधू होता. टक्, सर्र. टक्, सर्र. पावणेदहाला कुलूप उघडायचे म्हणून ते घरून नऊच्याही आधी निघत. आल्यावर आधी मला उचलत, झब्ब्याच्या टोकाने पुसत आणि म्हणत, "काय साहेब, झोप झाली का?" साहेब म्हणजे मी. सतरा वर्षांत माझ्याशी कुणी बोलले नव्हते.

आणि अभियंता म्हणून आल्या होत्या एक बाई. पिशवीत कायम ही पितळी पाणसळ असायची. रस्त्याची कड असो की शाळेचा ओटा, आधी पाणसळ ठेवायच्या आणि बुडबुडा थांबेपर्यंत श्वास रोखून बसायच्या. लोकांनी त्यांचे नावच पाणसळबाई ठेवले. पहिल्या दिवशी त्यांनी मला हातात घेतले, उलटी अक्षरे वाचली आणि मामांना म्हणाल्या, "मामा, माझा एक नेम आहे. जिथलं काम, तिथे उभं राहिल्याशिवाय हा शिक्का उमटवायचा नाही."

"म्हणजे शिक्का कामावर न्यायचा?"

"न्यायचा."

"मग शाईची गादी माझ्या खिशात," मामा म्हणाले. "शिक्क्याला ऊन लागलं तर टोपीही शिवून घेऊ."

अशी माझी खरी वर्षे सुरू झाली, मित्रांनो. मी पहिल्यांदा बाहेर पडलो. मला दिसत नव्हते, पण ओल्या सिमेंटचा गारवा कळत होता, खडीचा आवाज कळत होता, वाऱ्यावर कागद फडफडला की मामांचा हात त्यावर पडलेला कळत होता. बाई खाली वाकून, कधी गुडघ्यांवर बसून सगळे तपासत, बाहेर येऊन हात झटकत आणि मग मामांच्या पाठीवर कागद ठेवून मला टेकवत. मामा म्हणायचे, "बाई, जरा दाबून. पाठीला बरं वाटतं." दार नसलेली ती खोली आणि तो तुटका रस्ता त्या वर्षांत एकदाही माझ्याकडे आले नाहीत.

कार्यालयाचे पहिले काम होते खिडकीसमोरचा साकव, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल. दोन लोखंडी तुळया, त्यांवर सिमेंटची लादी आणि दोन्ही बाजूंना कठडा. हे काम ठरवायला पलीकडची वस्ती आणि अलीकडची पेठ एकाच खोलीत बसली होती. समितीचे अध्यक्ष छापखाना चालवायचे, सगळे त्यांना दादा म्हणत. ते म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा आपण ठरवतोय आणि आपल्याच दारात होतंय. हे चुकलं तर लोक आपल्याला दुसरं काही ठरवू देणार नाहीत."

साकव पुरा झाला त्या दिवशी बाई तुळयांखाली शिरल्या आणि अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. वर आल्या तेव्हा केसांत कोळिष्टके होती. त्यांनी कठड्यावर कागद ठेवला, मला उचलले आणि त्यांच्या ओल्या बोटांतून मी निसटून खाली दगडांत पडलो. 'ले'वरची मात्रा तिथेच अर्धी तुटली. मामांनी मला शोधून काढले, फुंकर मारली आणि म्हणाले, "काही नाही, साहेबांच्या कपाळावर जरा खोक पडलीय." त्या दिवशी मामा वळसा न घालता घरी गेले. मी खिडकीतून ऐकत होतो. साकवावर त्यांच्या पावलांचा आवाज भरीव यायचा, मडक्यावर थाप मारावी तसा.

त्यानंतर नऊ वर्षे गेली. पलीकडे नळ गेला, दिवे लागले, दोन खोल्यांचा दवाखाना उभा राहिला. लोक म्हणू लागले, बाईंचा शिक्का पडला म्हणजे काम उभे आहे असे धरून चाला. दुसऱ्या गावांची माणसे आमचे कार्यालय बघायला येत. मामा रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मला मागच्या खोलीतल्या भांड्याखाली धरत आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने माझी अक्षरे धूत. जांभळे पाणी भोवऱ्यासारखे फिरत भोकातून खाली जायचे. भिंतीतून पाइप बाहेर काढला होता. पुढे ते पाणी कुठे जाते, हे कुणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

घासून घासून माझी उरलेली मात्रा झिजत गेली. एक दिवस मामांनी कोऱ्या कागदावर मला उमटवून पाहिले आणि हसत बाईंकडे आले.

"बाई, शिक्का फिरला. आता हा 'पाहिले' म्हणत नाही. 'पाहिल' म्हणतो."

बाईंनी कागद पाहिला. "खरंच की. टिंब दिलं असतं तर निदान 'पाहिलं' झालं असतं."

"नाहीतर वेलांटी ओढा, 'पाहील' होईल. म्हणजे बघेल, सवडीनं बघेल."

"नवा करून घ्यायला हवा," बाई हसून म्हणाल्या. तो करून घ्यायचा राहून गेला.

आता त्या दिवसाचे सांगतो. दर वर्षी एकदा गावातली सगळी बांधकामे पुन्हा तपासायची असत. त्या वर्षी तेरा होती आणि हातात तीन दिवस होते. बाईंनी बारा कामे पायी हिंडून तपासली. टाकीच्या शिडीवर चढल्या, गटारात उतरल्या, दवाखान्याच्या माळ्यावर रांगत गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या तेव्हा पाय सुजून चपलेचा पट्टा रुतला होता. तेरावी फाइल साकवाची होती. खिडकी उघडी होती. मामा साकवावरून चहाची किटली घेऊन येत होते.

मामांनी चहा ओतला आणि उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, साकवाचा आवाज बदललाय जरा."

"तुमच्या पायाचा असेल, मामा."

"पाय जुनाच आहे हो. आवाज नवा आहे."

दोघेही हसले. बाई खिडकीतून साकवाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "उद्या उतरून पाहीन. आज पायच उचलत नाहीत. हा काय, रोजच तर बघते." मग म्हणाल्या, "गादी कोरडी झालीय वाटतं."

मामांनीच गादीवर ताजी शाई ओतली. मामांनीच कागद सरळ करून धरला. आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या, नऊ वर्षांत पहिल्यांदा, बाईंनी मला टेबलावर उमटवले. पाहिल.

मित्रांनो, मोठ्या कार्यालयातून काही दिसत नसे, कारण ते फार लांब होते. इथे साकव इतका जवळ होता की त्याच्याकडे बघत बघतच तो पाहायचा राहून गेला. नेम बाराही कठीण जागी टिकला आणि दारातल्या सोप्या जागी मोडला. मी तेव्हा ओरडायला हवे होते. पण माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तोच खोटा होता.

दुसऱ्या दिवशी वरून कुणी पाहुणे आले, तिसऱ्या दिवशी पाण्याची मोटर बिघडली. 'उद्या' पुढे पुढे सरकत राहिला.

तेविसाव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होते. नाला कोरडा होता. पावणेदहा वाजत आले होते. मी खणात पडल्या पडल्या नेहमीसारखा ऐकत होतो. टक्, सर्र. टक्, सर्र. टक्.

त्यानंतर जो आवाज झाला त्याचे वर्णन मला करता येत नाही. मग धूळ खिडकीतून आत आली आणि खणाच्या फटीतून माझ्यावर बसली.

त्या दिवशी कार्यालय दुपारपर्यंत उघडले नाही. किल्ली मामांच्या खिशात होती.

साकव कोसळला तेव्हा त्यावर मामा एकटेच होते. लोक म्हणत, तेवढे तरी नशीब, अजून दहा मिनिटांनी शाळेची मुले निघाली असती. बाई हे ऐकत आणि उठून मागच्या खोलीत जात. रोज त्या माझा खण उघडत, बघत आणि लावत. मला हात लावत नसत.

चौकशीच्या आदल्या दिवशी छापखान्याचे दादा आले. त्यांनी दार लोटून घेतले.

"बाई, कागद आहे. त्यावर शिक्का आहे, तारीख आहे. तुम्ही काही बोलूच नका."

"दादा, मी खाली उतरले नव्हते."

"हे मला सांगितलंत, पुरे झालं. आता भिंतीलाही सांगू नका." दादांचा आवाज खाली आला. "वरचे लोक टपून बसलेत, बाई. म्हणतील, झेपत नाही यांना, आणा सगळं परत वर. मग पलीकडचा नळ कुठे बसवायचा तेसुद्धा पुन्हा दोन दिवसांच्या वाटेवर ठरणार. हा तुमच्या एकटीचा प्रश्न नाही."

बाईंनी एवढेच विचारले, "मामी येणार आहेत का उद्या?"

"येतील. त्यांना मी समजावतो."

दादा वाईट माणूस नव्हते, हे तुम्हाला सांगायला हवे. ते खोटे बोलत होते ते गावासाठी. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या कार्यालयातून दोन साहेब आले. धाकटे साहेब आधी नाल्यात उतरले आणि उरलेल्या तुळईच्या टोकाशी गेले. वर आले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. बोटांना गंजाचे पापुद्रे चिकटले होते आणि गंजावर जांभळट झाक होती.

"तुळयांची टोकं पार खाल्लीत," ते म्हणाले. "वरून एक पाइप ठिबकतोय. तुमच्या कार्यालयाच्याच भिंतीतून आलाय. पण हा रंग कसला?"

कुणाला कळले नाही. मला कळले. मामा रोज मला धूत होते ते पाणी नऊ वर्षे त्या टोकावर पडत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

मला टेबलावर ठेवले होते, शेजारी तो कागद. बाई समोर उभ्या होत्या. दाराजवळच्या बाकावर शिपाईमामी बसल्या होत्या, मामांच्या पत्नी. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या होत्या. वाचायच्या, पण अक्षराला अक्षर लावून.

थोरल्या साहेबांनी कागद वर धरला. "तपासणी झालेली दिसते. शिक्का आहे. मग दोष पाइपचा, माणसाचा नाही. असं लिहायचं का?"

दादा म्हणाले, "तसंच आहे, साहेब."

"मला बघू द्या," मामी म्हणाल्या.

त्या उठून टेबलाशी आल्या. त्यांचे बोट माझ्या उमटीवर टेकले. "पा. हि. ल." त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचले. "पाहिल?"

"शिक्का जुना आहे, मामी," दादा हळूच म्हणाले. "मात्रा झिजली त्याची. पाहिलं असं आहे ते. छपाईत टिंब उडतं कधी कधी. टिंब राहिलं समजा."

"समजायचं नाही मला, दादा. वाचायचंय." मामींनी बोट उचलले नाही. "टिंब राहिलं असेल, तर पाहिलं. आणि वेलांटी चुकली असेल, तर पाहील. पाहील म्हणजे अजून पाहायचंय." मग त्या बाईंकडे वळल्या. "बाई, तुम्हीच सांगा. टिंब राहिलं, का वेलांटी चुकली?"

खोलीत पंखा फिरत होता. दादांनी मान खाली घातली. मला वाटले, बाई आता मला उचलतील आणि नाल्यात फेकतील. फेकले असते तर बरे झाले असते.

"वेलांटी चुकली, मामी," बाई म्हणाल्या.

मामींनी कागदावरचे बोट उचलले. "एवढंच हवं होतं," त्या म्हणाल्या. मग मामांचे सांगू लागल्या. "घरी सांगत होते, बाईंना आवाजाचं बोललोय, उद्या उतरून बघणार आहेत. मी म्हटलं, आठवण करा की. तर म्हणाले, बाईंना कशाला आठवण करायची, त्या विसरत नसतात."

बाई खाली बसल्या. खुर्चीत नाही, जमिनीवर.

थोरल्या साहेबांनी फाइल मिटली. "मग हे अधिकार परत वर घ्यावे लागतील. इतक्या जवळून तुम्हाला दिसलं नाही."

"दिसत होतं, साहेब," मामी म्हणाल्या. "रोज दिसत होतं. पाहिलं नाही कुणी. मीही त्याच साकवावरून जात होते." त्यांनी पदर सारखा केला. "पण वर नेऊन काय होणार? तिथून तर दिसतही नाही. तिथून खाली वाकणार कोण? इथेच ठेवा. आम्ही शिकतो पाहायला."

सगळे इथे राहिले असे मी म्हणणार नाही. मोठे पूल आणि मोठे रस्ते वर गेले. साकव, नळ, दिवे, शाळेच्या खोल्या इथे राहिल्या. बाईंना त्या कामावरून काढून दूरच्या एका कार्यालयात नोंदी करायला बसवले. जायच्या दिवशी त्यांनी माझा खण उघडला, पिशवीतून पाणसळ काढून माझ्याशेजारी ठेवली आणि मला हातात न घेता, नुसते बोटाने, झिजलेल्या मात्रेच्या जागी चाचपून पाहिले. मग खण लावला. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता नवा साकव आहे. पाइप दुसरीकडे वळवला आहे. टेबलावर संगणक आहे आणि त्यावर 'पाहिले' असे एक बटण आहे म्हणतात. त्याची मात्रा जागेवर आहे, ती झिजत नाही. ते बटण दाबल्याचा बारीक आवाज मला खणात ऐकू येतो आणि दर वेळी मला ती दार नसलेली खोली आठवते. ती आता पुन्हा येऊ लागली आहे. भर दुपारी येते, टेबलाच्या कडेला उभी राहते. माझ्याकडे बघत नाही, संगणकाकडे बघते.

पण एक गोष्ट अजून बटणावर गेलेली नाही. नव्या साकवाच्या कठड्याला साखळीने एक वही बांधली आहे. दर तीन महिन्यांनी पलीकडच्या वस्तीतले दोघे आणि अलीकडच्या पेठेतले दोघे साहेबांबरोबर खाली उतरतात. वस्तीकडून मामी असतात. वयामुळे आता त्यांना दोघींनी धरावे लागते. उतरण्याआधी त्या वहीत आपल्या हाताने लिहितात, 'पाहिल'. एवढेच. मग विजेरी घेऊन खाली जातात, तुळयांच्या चारी टोकांना बोट लावतात, वर येतात आणि मगच टिंब देतात.

पहिल्या वेळी नवे साहेब म्हणाले होते, "मामी, हे अशुद्ध झालं."

"वर आल्यावर शुद्ध करते," मामी म्हणाल्या.

त्या टिंब इतके दाबून देतात की खालच्या पानालाही ते उमटते, असे साहेब एकदा कुणाला तरी सांगत होते. एकदा मामी टिंब न देताच घरी गेल्या. एका टोकाला ओल लागली होती. ती दुरुस्त होईपर्यंत अकरा दिवस तो शब्द वहीत तसाच उघडा राहिला आणि अकरा दिवस वस्ती वळसा घालून गेली. कुणी कुरकुर केली नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातही पुढे कधीतरी माझ्यासारखा एखादा शिक्का येईल, किंवा ते बटण, किंवा नुसती मान हलवायची वेळ. तुमच्या दारातले, रोज नजरेसमोरचे काम असेल आणि पाय दमलेले असतील. तेव्हा माझी एक विनंती ऐका. टिंब हातात धरून ठेवा. खाली उतरा, वाका, बोट लावा, आणि मग ते द्या. कुणी म्हणाले की आवाज बदललाय, तर त्याच्या पायाला हसू नका.

आता पावणेदहा वाजत आले आहेत. साकवावरून येणे-जाणे सुरू झाले आहे. त्या सगळ्या पावलांमधून मला ते एक पाऊल वेगळे ऐकू येते. टक्, सर्र. टक्, सर्र.

टक्.